तूम, तरातोर, सहाविक, दक्कूस: अरबी सॉस घरी जमवायचे तर

शावर्माच्या गाडीवर मिळणारं पांढरं, गोडसर मेयोनीज म्हणजेच अरबी लसूण सॉस, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज झाला आहे. लेबनॉन-सीरियात चिकनला जे लावतात त्या तूममध्ये अंडं नसतं, साखर नसते, दूधही नसतं. लसूण, मीठ, लिंबू आणि तेल, बस. अरबी घरांतले बहुतेक सॉस असेच चार-पाच जिनसांत होतात. फोडणी नाही, वाटण-घाटण नाही, त्यामुळे चूक झाकायलाही काही नाही. तीळ जरा जास्त भाजले गेले, तेल घाईने ओतलं, मिक्सर अर्धा मिनिट जास्त फिरला, की चव किंवा पोत हातचा गेलाच. म्हणून इथे प्रमाणाइतकाच भर क्रमावर आणि तापमानावर आहे.

जोडीही सांभाळा. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या पट्ट्यात तूम चिकनबरोबर खातात. फलाफल, मासे आणि मटणाचा शावर्मा यांना तिळाचा तरातोर लागतो. कुवेत, बहरीन, कतारकडे मच्बूस या मसालेभाताशेजारी टोमॅटोचं दक्कूस असतं. येमेनमध्ये जवळजवळ प्रत्येक जेवणात कच्च्या टोमॅटोचं सहाविक. सगळे सॉस एकाच ताटात मांडले तर एकाचीही चव नीट कळत नाही. एका वेळी एक किंवा दोनच करा.

खालच्या प्रमाणांत चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली. लिंबाचं प्रमाण आपल्या कागदी लिंबाचं आहे. तिकडचं मोठं पिवळं लिंबू याच्यापेक्षा जरा सौम्य असतं. परदेशात राहत असाल आणि ते वापरणार असाल तर रस पाव भागाने वाढवा.

आधी ताहिनी

बाजारची ताहिनी, म्हणजे तिळाची सैल पेस्ट, महाग पडते आणि दुकानात बरेच दिवस पडून राहिलेली असेल तर खवटही निघते. घरी करणं अवघड नाही, पण तीळ सोललेलेच हवेत. किराणा दुकानात ते पॉलिशचे तीळ म्हणून मिळतात. गावरान, सालीसकट तीळ वाटले तर रंग करडा येतो आणि सालीचा कडवटपणा सॉसमध्ये उतरतो. लिंबू कितीही घातलं तरी तो जात नाही.

२५० ग्रॅम तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, हात न थांबवता परता. संक्रांतीच्या लाडवांसाठी भाजतो तेवढे खमंग करायचे नाहीत. वास सुटला, दोन-चार दाणे तडतडले, रंग जेमतेम बदलला, की लगेच ताटात पसरा. कढईत तसेच ठेवले तर तिच्या उष्णतेनेच पुढे भाजले जातात. कोमट असतानाच मिक्सरला लावा, तेल लवकर सुटतं. आधी कोरडी पूड होईल, मग ती भांड्याच्या कडांना चिकटून बसेल. इथे बरेच जण पाणी घालतात आणि ताहिनी वाया जाते. पाणी नाही, रिफाइंड सूर्यफूल तेल २ मोठे चमचे घाला. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. दहा-बारा मिनिटांत ती चमच्यावरून सलग धारेने पडू लागते. चिमटीत घेऊन चोळा. रवाळ लागली तर अजून वाटा, कारण ही कणी सॉसमध्ये नंतर कधीच मोडत नाही. शेंगदाण्याचं तेल घालू नका, तिळाचा वास मारला जातो.

काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन महिने टिकते. वर तेल येणं हा दोष नव्हे. तळापासून ढवळून घ्या.

तरातोर

ताहिनी १२० ग्रॅम (साधारण अर्धा कप), लिंबाचा रस ४५ मिली, लसणाची एक मोठी पाकळी, मीठ अर्धा चमचा, बर्फाचं पाणी ८० ते १०० मिली.

लसूण मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून लगेच लिंबाच्या रसात टाका आणि दहा मिनिटं राहू द्या. लसूण चिरडला की त्यातला तिखट उग्रपणा तयार होऊ लागतो, आणि आंबट रस ती क्रिया मंदावतो. कोरडा ठेचून बाजूला ठेवलेला लसूण सॉसमध्ये जळजळीत लागतो, रसातला लसूण सौम्य राहतो.

आता भांड्यात ताहिनी घेऊन त्यात हा रस घाला आणि विस्कने ढवळा. बघता बघता मिश्रण घट्ट होतं, गुठळ्या धरतं, विस्क अडकायला लागतो. पहिल्यांदा करणारा इथेच घाबरतो. ताहिनी म्हणजे तेलात पसरलेली तिळाची बारीक पूड. थोडंसं पाणी मिळालं की ती पूड ते पिऊन एकमेकींना चिकटते. उपाय म्हणजे अजून पाणी. बर्फाचं पाणी एकेक मोठा चमचा घाला आणि प्रत्येक वेळी पूर्ण मुरेपर्यंत ढवळा. चौथ्या-पाचव्या चमच्याला मिश्रण एकदम सैल पडतं आणि रंग बदामीवरून जवळजवळ पांढरा होतो. तो रंग हीच खूण. त्यानंतर फलाफलसाठी हवं तर धार पडेल इतकं पातळ करा, माशासाठी जरा दाट ठेवा. पंधरा मिनिटांत ते पुन्हा थोडं आळतं, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित पातळच थांबवा.

मीठ आणि लिंबू शेवटी पुन्हा चाखा. तीळ फार आंबट पचवतात. पहिल्या घासाला बरोबर वाटलेला तरातोर फलाफलबरोबर बहुधा फिका पडतो.

बारीक चिरलेली पार्सली एक कप घातली की बकदूनिसिय्ये होतं. तळलेल्या माशाशेजारी ते फार छान लागतं. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालून तेच नाव देऊ नका, चव वेगळ्याच दिशेला जाते. पण कोथिंबिरीचीही एक हक्काची जागा आहे. उत्तर लेबनॉनमधल्या तराबुलस शहरात ‘सम्के हर्रा’ हा तिखट मासा करतात, त्यात ताहिनीच्या सॉसमध्ये कोथिंबीर, लसूण आणि लाल तिखट येतं. त्यासाठी ६ पाकळ्या लसूण आणि एक कप कोथिंबीर २ मोठे चमचे ऑलिव्ह तेलात मिनिटभर परता, एक चमचा तिखट घाला, वर दिलेला तरातोर आणखी १०० मिली पाण्याने सैल करून ओता, आणि मंद आचेवर ढवळत राहा. कडेला तेलाचे थेंब दिसले की उतरवा. आच मोठी केली तर सॉस फुटतो आणि दाणेदार होतो. भाजलेल्या रावसावर किंवा पापलेटवर हा सॉस ओतून वर तळलेले अक्रोड किंवा चिलगोजे पेरा.

तूम

सोललेला लसूण १०० ग्रॅम, रिफाइंड सूर्यफूल तेल ३०० मिली, लिंबाचा रस ४० मिली, बर्फाचं पाणी ३० मिली, मीठ दीड चमचा.

लसूण ताजा, टणक आणि मोठ्या पाकळ्यांचा घ्या. गावरान लसूण भाजी-चटणीला उत्तम, पण तूमसाठी फार जहाल पडतो. पाकिटातला सोललेला लसूण सुकलेला असतो, तो तेल धरत नाही. प्रत्येक पाकळी उभी चिरून मधला हिरवट कोंब काढा. कंटाळवाणं काम आहे, पण कडवटपणा आणि हिरवी झाक दोन्ही तिथूनच येतात. पाकळ्या अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग कापडाने पूर्ण कोरड्या करा. तेलाची बाटली आणि मिक्सरचं भांडंही तासभर फ्रिजमध्ये ठेवा. आपले मिक्सर वेगवान असतात आणि भांडं पटकन तापतं. तूम फाटण्याचं पहिलं कारण हेच.

लसूण आणि मीठ चटणीच्या छोट्या भांड्यात वाटा. मोठ्या भांड्यात एवढा लसूण नुसता भिंतींवर उडतो. दोन-तीनदा कडा खरवडून अगदी गुळगुळीत पेस्ट करा, एकही कण राहता कामा नये. लसणाचा हा गरच तेलाला धरून ठेवणार आहे, आणि भरड राहिला तर धरणार नाही. आता एक चमचा लिंबाचा रस घालून फिरवा.

पुढचं काम तेलाचं. चटणीच्या भांड्याच्या झाकणाला बहुधा भोक नसतं. दोन मार्ग आहेत. हँड ब्लेंडर असेल तर पेस्ट उंच, अरुंद भांड्यात काढा, ब्लेंडर तळाशी टेकवून चालू करा आणि तेलाची सुतासारखी बारीक धार सोडा. ब्लेंडर नसेल तर मिक्सरचं झाकण दर वेळी उघडून एकेक चमचाच तेल घाला, पाच-सहा सेकंद फिरवा, पुन्हा एक चमचा. पहिले ५० मिली असेच जायला हवेत, यात घाई केली की पुढे काही वाचत नाही. त्यानंतर मोठ्या चमच्याने घातलं तरी चालतं. साधारण दर ६० मिली तेलामागे एक चमचा रस आणि एक चमचा बर्फाचं पाणी, असं आलटून पालटून. तेल वर तरंगत राहिलं, आत जाईना, तर तेल थांबवा. आधी थोडा रस घाला. भांडं हाताला कोमट लागलं तर पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

झालेलं तूम चक्क्यासारखं घट्ट, पांढरंशुभ्र असतं आणि चमचा त्यात उभा राहतो. लगेच चाखलं तर जीभ पोळते. रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या, दुसऱ्या दिवशी तिखटपणा बराच उतरलेला असतो. पहिले काही तास बरणीच्या तोंडावर झाकणाऐवजी टिशू पेपर ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी आत टपकत नाही.

फाटलंच, म्हणजे चकाकणारं, पातळ, तेलकट झालं, तर टाकू नका. सगळं वाटीत काढून गार करा. भांडं धुऊन पूर्ण कोरडं करा. ३० ग्रॅम लसूण चिमूटभर मिठाबरोबर वाटा, एक मोठा चमचा बर्फाचं पाणी घाला, आणि फाटलेलं मिश्रण हेच तेल समजून थेंबाथेंबाने सोडा. अंडं चालत असेल तर लसणाऐवजी एका अंड्याचा पांढरा भाग घेऊनही ते सावरता येतं.

ऑलिव्ह तेल इथे वापरू नका. उंची एक्स्ट्रा व्हर्जिन तेल वेगवान पात्यांखाली कडू होतं. घाण्याच्या तेलाचा वासही लसणावर चढतो.

एक सूचना गंभीरपणे घ्या. तूम फ्रिजबाहेर साठवू नका आणि आठवड्याच्या आत संपवा. कच्च्या लसणाभोवती तेल असलं की आत हवा पोचत नाही, आणि हवेविना वाढणारे बोट्युलिझमचे जिवाणू तिथे विष तयार करू शकतात. त्याचा वास किंवा चव कळेलच असं नाही.

सहाविक आणि हुल्बा

हैदराबादच्या बारकस भागात येमेनमधल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज राहतात, आणि मंदी हा येमेनी भात-मांसाचा प्रकार तिथल्या हॉटेलांत गाजतो. आता पुण्या-मुंबईतही मंदी मिळते. तिच्याबरोबर वाटीत येणारी कच्च्या टोमॅटोची पातळ लाल चटणी म्हणजे सहाविकच, पण बहुतेक ठिकाणी मिक्सरला फेसाळून बेचव केलेलं.

२५० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, ३-४ हिरव्या मिरच्या, ३ पाकळ्या लसूण, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा मीठ. येमेनमध्ये हे दगडावर वाटतात. घरी पाटा-वरवंटा असेल तर आज तो बाहेर काढा. आधी मीठ, जिरं, लसूण आणि मिरची बारीक वाटा, मग कोथिंबीर, आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी, नुसता ठेचण्यापुरता. मिक्सरमध्ये करायचं तर हाच क्रम ठेवा आणि टोमॅटो घातल्यावर एकेक सेकंदाचे तीन-चार झटके द्या. सलग फिरवलं तर हवा शिरून रंग गुलाबी होतो आणि बिया वाटल्या जाऊन कडवटपणा येतो. तेल नाही, शिजवणं नाही. त्याच दिवशी संपवा. किसलेलं खारट पांढरं चीज मिसळलं की सहाविक बिल-जिब्न होतं. येमेनच्या ताइझ शहराकडे त्यासाठी धुरावलेलं चीज वापरतात. गरम पावाबरोबर हे एवढंच पुरतं.

हुल्बा मात्र आपल्याला चकित करतो, कारण तो निव्वळ मेथीचा फेस आहे. येमेनची ‘सलता’ म्हणजे मटणाचा रस्सा, ती दगडी भांड्यात उकळत येते आणि तिच्यावर हा पांढरा फेस असतो. न भाजलेली मेथी अगदी बारीक दळून चाळा. २ मोठे चमचे पूड दोन कप पाण्यात भिजवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पूड तळाशी फुगून बसलेली असते. वरचं पिवळं पाणी न हलवता ओतून द्या, कडूपणा बराचसा त्यातून जातो. खाली राहिलेला चिकट गोळा हाताने किंवा बीटरने फेटा. दोन मिनिटांत तो हलका पडायला लागतो, पाच-सात मिनिटांत पिवळा रंग जवळजवळ नाहीसा होऊन दुपटी-तिपटीने फुगतो. अडून बसला तर एकेक चमचा पाणी द्या. मग चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा सहाविक अलगद मिसळा. फेटूनही फुगला नाही तर दोनच कारणं असतात: पूड जाडी राहिली किंवा भिजायला वेळ कमी मिळाला. भाजलेल्या मेथीचा फेस असा येत नाही.

दक्कूस

आखातात नोकरी केलेल्या कोकणातल्या कित्येक घरांना ही चव माहीत असते. २ मोठे चमचे तेलात ८ ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि २ चिरलेल्या हिरव्या मिरच्या मंद आचेवर परता. लसूण तांबूस होऊ देऊ नका. अर्धा किलो टोमॅटो किसणीवर किसून, साल टाकून, फक्त गर घाला. एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड. झाकण न ठेवता वीस मिनिटं, तेल कडेला दिसेपर्यंत शिजवा. शेवटी कोथिंबीर आणि थोडं लिंबू. कांदा, हळद, गरम मसाला घालायचा मोह आवरा. मच्बूसचा भात आधीच मसालेदार असतो, त्याला हे आंबट-लसणी मोकळेपण हवं असतं. हायब्रीड टोमॅटो आंबट नसेल तर लिंबू वाढवा. चार दिवस फ्रिजमध्ये टिकतं.

हरिसा

ट्युनिशियाच्या हरिसाला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. सुक्या लाल मिरच्या, लसूण, धणे, कॅरवे, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यात तो होतो. तिथली मिरची आपल्याकडे नाही. ६० ग्रॅम ब्याडगी आणि १५ ग्रॅम तिखट मिरची ही जोडी चांगली जमते. देठ-बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, मग घट्ट पिळा. पाणी राहिलं तर हरिसा लवकर आंबतो आणि चवही पातळ होते. ५ पाकळ्या लसूण, एक चमचा धणे, एक चमचा कॅरवे (दोन्ही हलके भाजून कुटलेले), एक चमचा मीठ घालून जरा भरड वाटा, शेवटी ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल. कॅरवे नसेल तर शहाजिरं घ्या, साधं जिरं नको. यातही तेलाखाली कच्चा लसूण आहे, तेव्हा तूमचा नियम इथेही पाळा: फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्यात संपवा. जास्त करायचा असेल तर लहान पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका.

इराकी अंबा

बगदादी ज्यू व्यापाऱ्यांची मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासून घट्ट ये-जा होती. त्यांच्यातले डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. कैरीच्या लोणच्याचा हा इराकी अवतार याच मुंबई-बगदाद व्यापाराशी जोडला जातो. त्याची चव हळद आणि मेथीवर उभी आहे.

सोललेल्या कैरीच्या अर्धा किलो फोडी २ मोठे चमचे मीठ लावून काचेच्या बरणीत तीन दिवस ठेवा, रोज हलवा, ऊन असेल तर उन्हात. सुटलेलं पाणी वेगळं काढा पण फेकू नका. २ मोठे चमचे तेल कोमट करून त्यात २ चमचे हळद, एक चमचा मेथीपूड, एक चमचा तिखट, एक चमचा जिरेपूड आणि अर्धा चमचा मोहरीपूड फक्त वीस सेकंद परता. तेल तापलेलं असेल तर मेथी करपते आणि सगळा सॉस कडू होतो. फोडी, ६० मिली व्हिनेगर, १०० मिली पाणी आणि कैरीचं निम्मं खारं पाणी घालून दहा मिनिटं उकळा. गार झाल्यावर निम्म्या फोडी वाटा, निम्म्या तशाच ठेवा. सॉस चमच्यातून ओघळेल इतका सैल हवा. खारटपणा उरलेल्या पाण्याने शेवटी जुळवा. गूळ-साखर नाही, हिंगाची फोडणी नाही. पहिल्या दिवशी मेथी पुढे येते, तिसऱ्या दिवशी सगळं एकजीव होतं. मग समून पाव मिळाला तर तो, नाहीतर कडक लादीपाव मधोमध कापा, आत तळलेल्या वांग्याच्या चकत्या, उकडलेलं अंडं आणि पार्सली भरा, आणि अंबा सढळ हाताने ओता.